तीन वर्षांचं मीठ

नवं मीठ कडू असतं.
दिसायला मात्र तेच सगळ्यांत उजळ.
शिनानच्या आमच्या मिठागरात दुपारी ते फुलतं,
मोक्पोहून आलेले प्रवासी वाकून फोटो काढतात,
चिमूटभर जिभेवर ठेवतात
आणि तोंड वाकडं करतात.

सासऱ्यांनी शिकवलं होतं :
पोती फळ्यांवर रचायची, खाली उताराची वाट ठेवायची.
तीन वर्षं त्यातून कडू पाणी ठिबकत राहतं.
झोप लागत नसेल त्या रात्री
कोठारातून ऐकू येतं.
ठिबकून रिकामं न झालेलं मीठ
मी आजवर विकलेलं नाही.

आणि माझ्याच घरात हे झालं.

दासोम नर्सिंग शिकायला शहरात गेली.
तिथे तिला एक शिक्षक भेटला.
मऊ आवाज, करडा कोट, खिशात तीन रंगांची पेनं.
प्रकटीकरणातला प्रत्येक शिक्का, प्रत्येक कर्णा त्याला पाठ,
जणू वाजवला तेव्हा हाच शेजारी उभा होता.
पैसे मागितले नाहीत त्यानं.
हे मुद्दाम सांगते,
कारण पैसे मागणारा ओळखायला फार अक्कल लागत नाही.
त्यानं एवढंच मागितलं :
"घरी सांगू नकोस. त्यांचे डोळे अजून उघडलेले नाहीत."

आठ महिने ती फोनवर गोड बोलली.
आठ महिने मी,
जन्मभर मीठ चाखलेली बाई,
त्या गोडीला भुलले.
मग फोन बंद.
तिच्या वडिलांच्या स्मरणाच्या उपासनेला
तिची चटई तशीच गुंडाळलेली राहिली.

मी पाळक मेंग यांच्याकडे गेले.
ते कोबीला माती लावत होते.
आमचे पाळक काही वक्ते नव्हेत,
उपदेशात अडखळतात, अर्धी मंडळी पेंगते,
खोटं कशाला बोलू, मीही पेंगते.
विचारलं, खरा कोण नि खोटा कोण, ओळखायचं कसं?

बराच वेळ त्यांनी बोटांची माती काढली.
म्हणाले, "जाण्याआधी तिनं मला एक प्रश्न विचारला होता.
मी घाईत होतो. 'श्रद्धा ठेव' म्हणालो आणि निघालो.
चूक माझी आहे."

रविवारी हेच ते सगळ्यांसमोर म्हणाले,
हातात कागद नव्हता,
आणि त्या दिवशी ते एकदाही अडखळले नाहीत.

त्यानंतर दर गुरुवारी सकाळची बोट.
त्या चार मजली इमारतीसमोर बसस्टॉपच्या बाकावर
थर्मासमध्ये जवाचा चहा घेऊन बसायचे.
फलक नाही, आरडाओरडा नाही.
आतली पोरं बाहेर आली की विचारायचे, "जेवलीस का?"
दोन हिवाळे.
मंडळीतले काही हसले. मीही एकदा म्हटलं, पुरे आता.

दुसऱ्या वसंतात ती आली.
एक पिशवी, कापलेले केस,
आणि कुणाच्याच शब्दावर विश्वास नाही.

आता ती शेवटच्या बाकावर बसते,
शास्त्र मांडीवर उघडं ठेवून
पाळकांनी सांगितलेलं प्रत्येक वचन शोधून पाहते.
दोनदा त्यांचं चुकलं. दोनदा तिनं हात वर केला.
दोनदा त्यांनी चष्मा लावून पाहिलं, पेन्सिलीनं दुरुस्त केलं,
आणि "आभारी आहे, दासोम" म्हणून पुढे गेले.
करड्या कोटापुढे हात वर करायला
बंदी होती म्हणे.

काल कोठारात पोती हलवताना तिनं विचारलं,
"आई, मग यांच्यावर तरी विश्वास का ठेवायचा?"

मी जुन्या पोत्याची दोरी सोडली.
खालची फळी कोरडी होती.

"ठेवू नकोस," मी म्हटलं.
"हात पुढे कर. चाखून बघ."