छापायचं तेवढंच

ओळ छत्तीस: एर्मोहेनेस मियालोंको.
ओळ त्रेसष्ट: गाल्वारिनो मियालोंको.
मधे सव्वीस माणसं,
त्यांचे दोर, त्यांचे तराफे, त्यांच्या शिंपल्यांची वजनं,
आणि अकरा वर्षांचा अबोला,
ज्याला या तक्त्यात रकाना नाही.

कास्त्रोच्या कचेरीनं कळवलंय:
बापाची नांगरजागा मुलांच्या नावे करायची
तर दोन्ही मुलगे एकाच पानावर हवेत,
खाली दोघांच्या सह्या.
पाठकोरा कागद चालणार नाही.
बोट साडेचारला सुटते.
ट्रेमध्ये सात कागद. नवं रीम गुरुवारी,
तेही समुद्राच्या मनात असलं तर.

पहिल्या खेपेला मी काही निवडलंच नाही.
प्रिंटरनं घसा खाकरला
आणि अख्खी सोसायटी बाहेर काढायला घेतली.
तीन कागद गेले. चौथा अर्धा बाहेर होता
तेव्हा मी वायर उपटली.

दुसऱ्या खेपेला कंट्रोलवर बोट दाबून धरलं,
एकदा छत्तीसवर टिचकी, एकदा त्रेसष्टवर,
आणि सांगितलं, निवडलेलं तेवढंच छाप.
छापलं. पण दोन पानांवर.
यंत्राचा नियमच आहे,
जे शेजारी नाही, त्याला वेगळं पान.
एक भाऊ या कागदाच्या माथ्याशी,
दुसरा त्या कागदाच्या,
खाली पांढरं, पांढरं, पांढरं.
मला हसू आलं आणि मग आलं नाही.
आईला पुरलं त्या दिवशीही असेच उभे होते,
चर्चच्या दोन दारांत, एकेकटे, टोप्या हातात.

उरला एक.

ओळी पुसायच्या नसतात, दडवता येतात,
हे मला पुतणीनं शिकवलंय.
सदतीसवर धरलं, बासष्टपर्यंत ओढत नेलं.
दडवण्याआधी वाचत गेले, का कोण जाणे.
बार्रियाबाई, जिनं दोघांनाही पाव उधार दिला,
एकाला पुढल्या दारानं, एकाला मागल्या.
ओयार्सो, जो इकडचं तिकडे नेताना
वाटेत थोडं पदरचं घालायचा.
आणि एकावन्न.
एदेल्मिरा कार्कामो, तराफा एक, थकबाकी शून्य.
मी.

त्या हिवाळ्यात चारशे किलो
छत्तीसचे त्रेसष्टमध्ये पडले.
बोटं गारठली होती, बस्स.
एक म्हणाला, चोर. दुसरा म्हणाला, पुन्हा म्हण.
सप्टेंबरात, वसंत लागताना, मला चूक दिसली.
तोवर भांडण आपल्या पायांवर चालू लागलं होतं,
मुलंबाळं झाली होती त्याला.
मी आकडा जागच्या जागी नेला,
फाईल जतन केली,
आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दडवा.
पडद्यावर छत्तीसच्या खाली थेट त्रेसष्ट.
सव्वीस माणसं एका जाडसर रेघेत मावली,
त्यात मीही.

छापलेल्या पानावर तीही रेघ आली नाही.
पडद्यावरच्या चौकटी कागदावर उतरत नाहीत,
मुद्दाम सांगावं लागतं. मी सांगितलं नाही.
दोन नावं, वर-खाली, कुंपणाशिवाय,
शाई अजून ओली.

चारला एर्मोहेनेस आला. त्याच्यामागे गाल्वारिनो.
पेन एकच होतं.
एकानं सही करून ते टेबलावर ठेवलं,
दुसऱ्यानं टेबलावरून उचललं.
कोणी काही बोललं नाही. पान मात्र दोघांनी पाहिलं,
जरा जास्तच वेळ.

बोट गेली.
मी दडवलेल्या ओळी परत दाखवल्या;
सगळे आपापल्या जागी, जसेच्या तसे, एकावन्नही.
खालच्या वाटेवर दोघांच्या पाठी दिसतायत,
एक पुढे, एक तीस पावलं मागे.

चारशे किलोचा तो आकडा
मला आता छापून द्यायचाय त्यांना.
ट्रे रिकामा आहे.
तोंडानंच सांगावं लागेल.
कोट कुठे ठेवला मी?