रकाना सहा

बाल न्याय मंडळाच्या खोलीत कठडा नव्हता.
मला वाटलं होतं, असेल.
एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
आणि मॅजिस्ट्रेटबाई त्याला विचारत होत्या: नाश्ता केलास?
तो म्हणाला, पोहे.
इंदुरात याहून वेगळं उत्तर कोण देणार.

त्यानं स्कूटर नेली नव्हती. फक्त डिकी फोडली.
आत पैसे नव्हते, बत्तीस शर्ट होते, अजून शर्ट न झालेले:
बाह्या, कॉलरी, पाठी, खिसे,
आकाशी, सुतळीनं बांधलेले.
ते त्यानं कान्ह नदीत टाकले.
का रे?
"बाई, उसमें कुछ था ही नहीं."
चोरीचा आला नव्हता इतका राग मला या वाक्याचा आला.

अकरा दिवस तो निरीक्षण गृहात होता.
तिथं काय निरीक्षण करतात, मी विचारलं नाही.
पुढे एकदा काज करता करता आपणहून बोलला:
रात्री दिवा बंद करत नाहीत,
आणि जो मोठा त्याला दोन चादरी.
एवढंच. मग दोरा दातानं तोडला.
कात्री घे, म्हटलं, दात पुरवायचेत तुला.

परिवीक्षा अधिकारी चौरसियाबाईंनी फॉर्म सरकवला.
'सुयोग्य व्यक्ती' म्हणे मी.
एकोणसाठ वर्षांत असं कुणी लेखी दिलं नव्हतं.
नाव: प्रमिला सरंजामे.
व्यवसाय: शिवणकाम, मल्हारगंज.
रकाना सहा: मुलाशी नातं.
पेन तिथं अडलं.
फिर्यादी, लिहू?
रिकामा ठेवा, त्या म्हणाल्या, चालतं.

शेजारच्या वाघमोडे वहिनींना चालेना:
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!
जामदारखाना कसला वहिनी,
तीन मशिनी, एक इस्त्री, बटणांचा डबा.
तरी पहिला आठवडा मीही
गल्ला पदराखाली घरी नेत होते. सांगून टाकते.

मंगळवार, शुक्रवार, दोन ते सहा.
पायडल उलटं फिरे.
पहिल्या महिन्यात नऊ सुया मोडल्या, एक त्याच्या बोटात.
त्याची आई विजयनगरकडे बांधकामावर;
संध्याकाळी यायची, हातांना सिमेंट,
आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहायची,
जणू इथंही मंडळ बसलंय.
मी स्टूल पुढे केलं.
तिसऱ्या खेपेला बसली.

चौथ्या महिन्यात दोन शुक्रवार तो आलाच नाही, मधला मंगळवारही नाही.
गैरहजेरी त्वरित कळवावी, असं फॉर्मवर छापलंय.
मी फोन उचलला. ठेवला.
पुढच्या मंगळवारी आला, ओठ फुटलेला.
"पुराने दोस्त."
मग त्याच्यासमोरच, स्पीकर लावून, मी चौरसियाबाईंना सगळं सांगितलं.
माझा उशीरही.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही, नुसती बसची घरघर.
आज आलाय ना? मग आजची हजेरी लावा.

त्याचं नाव मला इथं लिहिता येत नाही.
कायदा तसा आहे, आणि बरा आहे.
मुदत संपली की फाइलही नष्ट करतात.
खडूनं कापडावर आखतो ना आपण,
पहिल्या धुण्यात जातं,
शिवण राहते.

बत्तिसावा शर्ट पौषात झाला.
कॉलर अंमळ डावीकडे कललेली.
उसवू? त्यानं विचारलं.
उसव, म्हटलं. उगाच का लाड.
आता सातवीतलं कुणी पोर तो घालून
प्रार्थनेच्या रांगेत उभं असेल
खिशात चिंचा कोंबून.

आदेश संपला त्या शुक्रवारी
मी काही बोलले नाही, तोही नाही.
इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली आणि गेला.

बुधवारी दुकान बंद असतं.
त्या बुधवारी मी बहिणीकडे, देवासला.
परतले तर वहिनी जिन्यातच:
दुपारभर शटरला टेकून बसला होता,
शेवटी मीच चहा नेऊन दिला.
साखर फार लागते हो
तुमच्या त्याला.