खाल्ल्या मिठाला

हडर्सफील्डला आमची गल्ली इतकी चढाची
की पिशवी घरी पोचेतो
कोथिंबीर तेवढी ताजी, आपण सुकलेलो.
पलीकडच्या दारात मिस्टर हेप्वर्थ. एकटे.
ऐंशीच्या अलीकडचे की पलीकडचे, विचारलं नाही.
दर गुरुवारी भिंतीवरून त्यांना डबा जातो.
गुरुवारीच का, ते आता कुणाला आठवत नाही,
बहुधा एकदा वरण जास्त झालं होतं.

पहिल्यांदा डबा परत आला
तो धुऊन, पुसून, लख्ख.
निषाद तेव्हा सहा वर्षांचा. आत डोकावून म्हणाला,
भाषा इंग्रजी, सूर थेट माझ्या सासूबाईंचा,
"आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत."
मी स्वयंपाकघरात मेल्याहून मेली.

पुढच्या गुरुवारी डब्यात एक कांदा.
मग रुबार्बचे तीन दांडे.
आमसुलं संपली होती, म्हणून आमटीत घातले,
तेव्हापासून आमसुलं आणायचं विसरतेच.
एकदा फाटकाच्या बिजागरीचा स्क्रू.
बिजागरी करकरते हे तोवर
आम्हाला ऐकूच आलं नव्हतं.
एकदा नुसती चिठ्ठी: तिखट.
खाली दोन रेघा. डबा चाटूनपुसून संपवलेला.

या जानेवारीत मी दारातल्या पायरीवरून घसरले.
उजवं मनगट. प्लास्टर कोपरापर्यंत.
त्या रात्री पोळ्या सुधन्वाने केल्या,
म्हणजे पोळ्यांशी भांडला.
धुराचा भोंगा दोनदा वाजला,
तो त्याला टॉवेलने वारा घालत म्हणत होता,
होतंय, होतंय.

ताटावर बसले आणि कळलं,
पोळी तोडायला हात लागतो.
डावा होता की. पण डाव्याला
उभा जन्म ताटाबाहेर बसवलेलं,
पाण्याचं भांडं उचल, पळीने वाढ,
घासाला शिवायचं नाही.
मी उगाच मिठाकडे बघत राहिले.

निषाद आता चौदाचा. आठवडाच्या आठवडा
"हं" आणि "माहीत नाही" एवढ्यावर काढतो.
फोनवरची नजर न काढता
त्याने माझ्या ताटातली पोळी ओढून घेतली
आणि तुकडे करू लागला,
लहान लहान, मटकीच्या उसळीत बुडवून,
माझ्या डाव्या हाताशी ओळीने.
कुणी सांगितलं नव्हतं.
मी मनात मोजत गेले,
हा काऊचा, हा चिऊचा,
तिसऱ्याला डोळे भरले,
म्हटलं, ठेचा फारच झणझणीत झालाय.
सुधन्वा म्हणाला, आज ठेचा केलेलाच नाही.
मग तिघंही जेवत राहिलो.
करपलेल्या कडा कुणी बाजूला काढल्या नाहीत.

गुरुवार आला आणि गेला. डबा गेला नाही.
शुक्रवारी उजाडायच्या आत
दाराबाहेर खरखर ऐकू आली.
पडदा सारला, तर हेप्वर्थ,
पायजम्यावर कोट, कानांवर टोपी,
आमच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होते.
जाडं, करडं, रस्त्यावरचं मीठ,
मागच्या आठवड्याच्या आमच्याच डब्यातून,
मूठ मूठ, एकेका पायरीवर थांबून,
एका हाताने कठडा धरून.
त्यांच्या स्वतःच्या पायऱ्या अजून
पांढऱ्याफटक होत्या.

सुधन्वा माझ्या खांद्यामागून म्हणाला,
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे.
निषादने विचारलं, म्हणजे?
त्याने इंग्रजीत सांगायला घेतलं,
आधी मीठ, मग जागणं,
मग झोप न येण्याशी त्याचा संबंध नाही ते,
आणि सांगता सांगता सगळं अळणी झालं.
निषादने बूट घातले.
फावडं घेऊन पलीकडच्या दाराशी गेला.

डबा उंबऱ्यात ठेवलेला होता.
तळाशी मूठभर मीठ मुद्दाम राखलेलं,
रिकामा द्यायचा नसतो म्हणून.
मी तो डाव्या हाताने आत घेतला.
झाकण मात्र
एका हाताने लागेना.