टाचेचा ठिपका

सातपूरला, बंद पडलेल्या प्रेस शॉपच्या शेडमध्ये
बारा कॅमेरे लावले आम्ही, गोल,
आणि मधोमध कचरूबाबा पाचंगे,
काळ्या घट्ट कपड्यात,
अंगावर एकोणचाळीस करडे मणी चिकटवलेले.
"बहुरूप्यानं बी असलं सोंग घेतलं नसतं,"
म्हणाले, आणि संबळ कमरेला बांधला.

पहिली अडचण तांब्याची.
तांबट आळीत ठोकून घेतलेली ती जोड भांडी
इतकी लखलखीत की कॅमेऱ्यांना तिथे
शेकडो मणी दिसायचे,
पडद्यावर बाबांच्या पोटाशी भुतं नाचायची.
मी म्हटलं, यावर काळं कापड गुंडाळू या.
काठी हातात थांबली.
"देवीच्या वाद्याला काळं?"
शेवटी ओटीच्या खणावर तह झाला, हिरव्या,
जरीचा काठ आत दुमडून.

दुसरी अडचण भिंतीपलीकडची.
तिथला प्रेस अजून चालू,
दर चार सेकंदांनी पत्रा कापायचा
आणि आमचे कॅमेरे केसभर हलायचे.
म्हणून काम फक्त त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत,
साडेबारा ते एक.
"अर्ध्या तासात देवी गल्लीच्या तोंडाशी तरी येती का?"
असं म्हणत
वाजवलं मात्र.

सेकंदाला दोनशे चाळीस वेळा
त्यांचं मनगट कुठे आहे ते आम्ही लिहून घेतलं.
वाकड्या टोकाची काठी चामड्यापासून किती उठते,
आधी कोपर निघतं की खांदा,
घुमारा लांबवताना मान कुठे कलते.
घामानं एक मणी निखळला, गळपट्टीचा.
तो बाबांनी स्वतःच उचलून
थुंकी लावून परत चिकटवला.

रात्री गंगापूर रोडच्या खोलीत
मी आकडे साफ करत बसले.
सगळं जागेवर होतं,
फक्त उजव्या टाचेचा ठिपका वर-खाली,
तीन मिलिमीटर, कधी चार,
संबळाच्या एकाही बोलाशी न जुळणारा,
दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत
आपलं आपलं काहीतरी चाललेलं.
मला वाटलं, गोंगाट.
फिल्टर लावला. रेघ सपाट झाली.
सर म्हणाले, छान.

आठवड्यानं बाबांना पडद्यावर दाखवलं.
ठिपके नुसते. ना तोंड, ना फेटा, ना काठी.
बराच वेळ पाहिलं त्यांनी, चहा निवेपर्यंत.
"हात माझेच हायेत," म्हणाले.
"पण सोपाना कुठं गेला?"

कोण सोपाना?

सोपाना म्हणजे तुणतुणं.
एकतीस वर्षं बाबांच्या उजव्या अंगाला उभा.
त्या दिवशीही आला होता,
पण आम्हीच म्हटलं होतं, एकच माणूस हवा,
सूट एकच आहे.
तो गेटवर वॉचमनजवळ बसून राहिला,
तुणतुणं कापडी पिशवीत.
रजिस्टरमध्ये त्याचं नाव नाही.
तिथे लिहिलंय: सोबतचा इसम.

मी काही न बोलता फिल्टर काढला.
टाच उठू लागली.
"हां," बाबा पुढे सरकले, "हा बघा, आला."

पुढच्या खेपेला सोपानाला आत घेतलं.
मणी नाहीत, सूट नाही,
उभा केला वर्तुळाच्या बाहेर,
जिथे एकाही कॅमेऱ्याची नजर जात नाही.
त्यानं खुंटी पिळली, कान लावला, पुन्हा पिळली.
शेजारचा प्रेस थांबला.
बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
काठी उचलली.

अठ्ठावीस मिनिटं
टाच जमिनीला टेकलेली होती.

प्रबंधात ती आकृती आहे, पान एकशे बारा,
आडवी, सरळ.
पहिल्या दिवशी मी पुसून सपाट केलेली रेघ
आणि ही रेघ
शेजारी शेजारी ठेवल्या
तर कुठली कुठली ते मलाही ओळखता येत नाही.
फायलीचं नाव वाचावं लागतं.