पाव आटा

उयुनीत सकाळी सातला पाने इतके गार असतात
की कातडी धरून ठेवतात.
बासिलिया आयाविरी आधी तळव्यांवर फुंकर घालते,
मग बाकावरचं फडकं ओढते.
तीन पंप.

पहिला पोतोसीच्या खाणीतल्या ट्रकवरचा,
सहा दट्टे एका रांगेत, उचलताना कंबर आठवते.
गढूळ डिझेल पचवेल, पण या इंजिनाला बसवायचा
तर कंस घडवा, नळ्या वाकवा,
आणि नेमेसिओला जीप शुक्रवारी हवी,
पाच प्रवासी, पाचांच्या बॅगा, एक स्वयंपाकीण.

दुसरा खोक्यात, तेलकट कागदात, नवा कोरा,
इकिके बंदरातून आलेला.
आपल्या देशाला समुद्र नाही,
समुद्रावरून येतं ते दीडपट दरानं येतं.
बारा मिलिमीटरचा दट्ट्या.
नेमेसिओ लुतिनोचा जीव त्याच्यातच.

तिसरा एउसेबियोचा.
डोक्यावर वाटीएवढी डबी, आत पातळ पत्र्याचा भाता.
गाडी चढावर चढली, हवा विरळ झाली
की भाता फुगतो, आणि डिझेल आखडतं घेतो.
वरच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका.
मुलीची बाटली पळवून लावला होता त्यानं,
महिनाभर बोलली नव्हती ती.

"मोठा घाल," नेमेसिओ म्हणतो. "चढाला दम लागतो."
"तुला की गाडीला?"
"बासिलिया."
"हे बघ, डिझेल वाढवलं की ताकद वाढते
हे खाली सांताक्रूझला. तिथे हवा पोटभर.
इथे टर्बो बिचारा गरगरून मूठभर आणतो,
तू त्याच्यावर बादली ओतणार?
जळणार नाही, नुसतं काळं होईल,
आणि मग पिस्टन वितळेल. बघायचाय वितळलेला?
दाराला अडसर लावलाय तो."

नेमेसिओ दाराकडे बघतो.
मग तिसऱ्या पंपाकडे बोट दाखवतो, जरा हलकेच,
जणू मेलेल्या माणसाचा शर्ट मागतो आहे.

जुना निघायला दुपार झाली.
मिठानं नट गिळलेत. दोन तुटले. तिसऱ्याला तिनं शिवी घातली,
तो सुटला.
नवा जुना पंप जागेवर, गेजचा काटा शून्यावर,
क्रँक हातानं, सावकाश, श्वास रोखून:
केसभर इकडे झालं की खडखडतं,
केसभर तिकडे की पांढरा धूर आणि रडणं.
मग इंजेक्टरचे सहाही नट सैल.
"फिरव चावी."
फेस. फेस. थुंकी. थेंब.
"थांबू नकोस."
धार.
एकेक नट ती आवळत गेली, आणि पाचव्यावर
इंजिनानं घसा खाकरला,
आणि धरलं.

चांगलं चाललं.
पण पाय दाबला की मागून शेपूट निघे,
फार नाही, शाळेच्या फळ्यावरच्या फडक्याइतकं.
एउसेबियो थोडा ढिला हात सोडायचा, सगळ्याच बाबतीत.
पंप त्याच्या गाडीला लागलेला. ही गाडी वेगळी.

तिनं ब्लेड घेतलं.
ठेवलं. रेडिओ लावला. बंद केला.
नेमेसिओनं विचारलं काय झालं.
"काही नाही, नट बघते."
लाल ठिपका खरवडताना तो तुकड्यातुकड्यांनी उडाला,
एक कण नखात अडकला.
स्क्रू पाव आटा मागे. फक्त पाव.

"त्या मोडक्या रेल्वेगाड्यांपर्यंत जा आणि ये."
जीप गेली. मागचा रस्ता तिला नीट दिसत होता,
धुळीपलीकडे मीठ, मिठापलीकडे आणखी मीठ.

परत आला तेव्हा म्हणाला, "ताकद तेवढीच आहे गं."
"धूर?"
"धूर नाही."
"मग झालं."

ठिपका लावायला नेलपॉलिश नव्हतं.
भाचीच्या दप्तरात चुका झाकायची पांढरी शाई सापडली,
तीच लावली.
साबणानं हात तीनदा धुतले.
डिझेल गेलं.
नखातलं लाल तिनं राहू दिलं, जेवायला बसताना.