दोन हजारांच्या जरा अलीकडे

गाडी एक, आम्ही दोघं.
सोमवार ते गुरुवार मी,
उरलेले तीन दिवस तिबो.
इंजेक्शनं, ड्रेसिंग, साखरेची तपासणी,
कांतालच्या डोंगरांत विखुरलेली सव्वीस घरं
आणि डॅशबोर्डच्या खणात एक निळी वही:
किती किलोमीटर, किती डिझेल.

शंभर किलोमीटरला माझे साडेसहा लिटर.
त्याचे सव्वापाच.
गाडी तीच, घाट तोच,
शिवाय तो माझ्याहून वीस किलोनं जड.
एकदा त्यानं माझ्या आकड्याशेजारी
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
मी खाली शाईनं लिहिलं:
माझ्या दिवसांत वारा समोरून असतो.

मी स्वतःला काटकसरी समजत होते.
वरचा गिअर म्हणजे बचत, एवढंच कधीतरी ऐकलेलं,
म्हणून चढालाही पाचवा.
काटा बाराशेवर, पाय तळाला टेकलेला,
आणि गिअरचा दांडा
थंडीत दात वाजावेत तसा थरथरत.
सपाटीला उशिराची घाई,
तिसऱ्यातच विसरलेली मी, साडेतीन हजारांवर.
उतारावर न्यूट्रल.
फुकटात चाललोय, असं वाटायचं.

आन्सेल्म पेरालनं चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले.
आता नाकात नळी, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन,
पलंग खिडकीशी.
मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होते तर म्हणाला,
"शनिवारी तो येतो तेव्हा गोठ्याच्या वळणावर
इंजिन गुणगुणतं.
तू आलीस की खोकतं."

मग दम घेतला.

"उपाशी माणसाच्या डोक्यावर पोतं देतेस तू.
चढाला पाचवा! अगं, ती मग हावऱ्यासारखी पिते,
निम्मं अंगी लागत नाही, काळं होऊन मागून जातं.
दोन हजारांच्या जरा अलीकडे धर.
सोळाशे. अठराशे.
डिझेलचं बळ तिथे असतं.
चढ दिसला की एक गिअर उतरायचं, त्यात लाज कसली?
सपाटी आली की वर, आणि पाय हलका."

पुन्हा दम. या वेळी बराच.

"आणि न्यूट्रल नको, बाई.
गिअरमध्येच असू दे, पाय उचल.
तेव्हा ती थेंबभरही पीत नाही.
डोंगरच फिरवतो तिला."

माझ्या घड्याळात मिनिट संपलं.
श्वास अठ्ठावीस, मी तक्त्यात लिहिलं.
मी त्याचे श्वास मोजत होते
आणि तो, इतके महिने, माझ्या इंजिनाचे फेरे.

दुसऱ्या दिवशी वळणाआधीच तिसरा टाकला.
आवाज चढला, मी दचकले,
आता तर जास्तच जळणार!
पण दांडा थरथरला नाही,
पाय अर्ध्यावरच राहिला
आणि गाडी गाईसारखी निमूट चढली.
खिडकीत एक हात वर झाला.
शाबासकी होती की पडदा सारत होता,
विचारलं नाही.

महिनाअखेर पावणेसहा.
वहीत तिबोचं अक्षर:
वारा पडला वाटतं?

मार्चमध्ये त्याला ओरियाकच्या इस्पितळात नेलं.
यादीत पंचवीस घरं उरली.
नंतर कळवायला फोन आला तेव्हा
मी पंपावर होते, हातात नळी,
आकडे फिरत होते, फिरतच राहिले,
टाकी भरून चाकावर सांडेपर्यंत.

गोठ्याकडचा रस्ता आता आमच्या वाटेत नाही.
तरी गुरुवारी काम संपलं की मी तिकडून वळते,
काच खाली करते,
तिसरा, सतराशे.
खिडकी बंद असते. कुंपणापलीकडे
तांबडी गाय मान वर करते, पुन्हा चरायला लागते.

चार किलोमीटर जास्त, म्हणजे दर खेपेला
पाव लिटरभर डिझेल उगीच.
वहीत लपत नाही ते.
शनिवारच्या रकान्यात
तिबोचेही चार किलोमीटर जास्त आहेत.
त्यापुढे दोघांपैकी कोणी
प्रश्नचिन्ह काढलेलं नाही.