व्ही की डब्ल्यू

उमैर विचारतो, काकू, द्वारका व्हीनं लिहू की डब्ल्यूनं?
शाळेच्या दाखल्यावर डब्ल्यू आहे, बँकेत व्ही,
आधारवर मधलं एक अक्षरच गळालेलं.
कऱ्हाळे तर कुठंच धड बसत नाही,
इंग्रजीत गेलं की त्या ऱ्हचा घसा सुकतो.
नुसतं द्वारका घेतलं असतं,
पण ते एका यात्रा कंपनीनं
बारा वर्षांपूर्वीच अडवून ठेवलंय.

चाळीस वर्षं मी नाव उलटं कोरत आले.
लाकडात आधी काना, मग अक्षर.
तेव्हा कुठं कागदावर सुलटं उमटतं.
आता सुलटंच लिहायचं म्हटलं
तर हात दारातच थांबलाय.

वसमतला हळदीचे दिवस.
मार्केटच्या मागल्या गल्लीत उमैरचं दुकान:
मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, पीकविम्याचे फॉर्म.
बाहेर पॉलिशचे ड्रम धडाडतात,
कीबोर्डच्या फटीफटीत पिवळी धूळ.
रंग कोणता ठेवू? म्हटलं, हळदीचा.
त्यानं सहा आकडे टाकले, पडदा पिवळा झाला.
म्हटलं, हा तर लग्नपत्रिकेचा पिवळा.
मला उकडलेल्या कांडीचा पाहिजे,
वरून मातकट, मोडली की नारिंगी.
तो उठला, समोरच्या अडतीतून एक कांडी आणली,
मोडून काचेला लावली
आणि आकडे बदलत बसला अर्धा तास.
फॉर्मवाली माणसं उभीच.
एक जण म्हणाला, काय करायलात हो तुम्ही दोघं?

माझ्याविषयीच्या पानाला नमुना तयार होता:
लहानपणापासूनच कलेची आवड.
आवड कुठली.
बाप लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचा,
मला कडेला बसवायचा
मोडकी पटाशी हातात देऊन, गप बसावं म्हणून.
मी गप बसले.
एवढंच टाक, म्हटलं. आणि हेही, की प्रेस नाही माझ्याकडं,
पळीच्या पाठीनं घासून ठसा काढते.
त्या पळीनं आता घरात कुणी वरण वाढत नाही.

किमतीपाशी गाडी अडली.
आकडा नसला तर बटन चालत नाही, काकू.
बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून होतो
तसा माझा भाव आजवर झाला.
तोंड बघून सांगितला, तोंड बघून सोडला.
एका कंडक्टरनं तर चित्राचे पैसे
सहा महिने हिंगोलीचं तिकीट न फाडता फेडले,
त्याची नोकरी जाईल म्हणून मीच पायी जाऊ लागले स्टँडच्या पलीकडून.
आता जो कुणी येईल, त्याचं तोंड नाही.
आकडा टाकला. लगेच पुसला. परत टाकला, थोडा कमी.

ठशांचे फोटो त्यानं छान लावले होते.
एका फळीपाशी मी थांबले.
काहीतरी खटकलं, कळेना काय.
मग दिसलं, नाव वाचता येतंय.
उलटं दिसत होतं म्हणून मी फिरवून घेतलं,
म्हणाला, चूक राहिली असेल वाटलं.
माझीच फळी. माझ्याच पटाशीचे घाव.
सगळे घाव दुसऱ्या हातानं मारल्यासारखे.
शेजारणीच्या साडीत स्वतःला बघावं तसं.
म्हटलं, उलटीच राहू दे, बाबा.
वाचू दे लोकांना आरसा धरून.

पत्त्याच्या चौकटीत
हळद मार्केटमागं, कुणालाही विचारा
एवढं मावेना.
नकाशावरची टाचणी आसना नदीत पडली,
ओढून आणली तर बॉयलरवर.
तिथंच ठेवली. धूर दिसेल येणाऱ्याला.

शेवटचं बटन मी दाबायचं ठरलं.
शाई होती बोटाला, त्यानं फडकं दिलं.
दाबलं, आणि लाइट गेली.
ड्रम हळूहळू थांबले,
कधी नव्हे ती गल्ली ऐकू आली.
गेलं का रे?
गेलं, काकू. बाहेर सगळीकडं दिसत असेल आता.
फक्त आपल्याला दिसणार नाही, लाइट येईस्तोवर.

आम्ही अंधारात बसून राहिलो, 
कांडीचे दोन तुकडे टेबलावर.
तो म्हणाला, चहा सांगू?
आणि व्ही ठेवलाय बरं का, डब्ल्यू महाग होता.